यादी पोझची की माणसांची?

नवी मुंबईतल्या कुठल्याही हॉलमध्ये जा. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टका सुरू आहेत, हातात अक्षता घेऊन आपण माना उंच करतो. दिसतं काय? तीन फोटोग्राफरांच्या पाठी, एक गिंबल आणि लाइट धरून उभा असलेला पोरगा. नवरानवरी आपल्याला दिसणार नंतर, मोबाइलवर.

हार पडतात, टाळ्या होतात. लगेच आवाज येतो, ‘दादा, हार परत एकदा. फोकस गेला होता.’ आणि दादा हार परत घालतात!

कुणीच कसं नाही म्हणत?

हल्ली प्रत्येक जोडप्याला लग्नात ‘पर्सनल टच’ हवा असतो. इच्छा चांगली आहे. आपलं लग्न आपल्यासारखं दिसावं असं का वाटू नये? म्हणून अंतरपाटावर दोघांची नावं भरून घेतात, मंचामागे नावं निऑनमध्ये लावतात, दोघांच्या नावांचा मिळून हॅशटॅग करतात. पण हे सगळं पॅकेजमध्ये येतं. तेच पॅकेज मागच्या रविवारी त्याच हॉलमध्ये दुसऱ्या जोडप्याने घेतलेलं असतं. बदलली ती फक्त नावं.

आणि खरोखर घरचं जे असतं, ते फोटोत येतच नाही.

मावशी महिनाभर वही घेऊन बसलेली असते. आजोळचं गाव, गेलेल्या आजोबांचं नाव, मुलीचं लहानपण, सगळं तिला शार्दूलविक्रीडितात बसवायचं असतं. लग्नात ती मंगलाष्टक म्हणते, शेवटच्या चरणाला तिचा आवाज कापतो, मुलीची आई पदर डोळ्याला लावते. त्या वेळी तिन्ही कॅमेरे कुठे असतात? नवरीच्या मेंदीवर.

मेंदीचा फोटो सगळ्यांकडे असतो. ही मावशी एकाच घरात असते.

स्वतःच्या शब्दांत लग्न लावायची कल्पना काही इन्स्टाग्रामवरून आलेली नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला 1873 मध्ये. त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, भटजीशिवाय. त्या पद्धतीत मंगलाष्टका वधूवरांच्याच तोंडी असतात. तिने त्याच्याकडून काय मागायचं, त्याने तिला काय वचन द्यायचं, हे सगळ्यांसमोर बोलायचं. त्या दोघांनी एकमेकांना काय सांगितलं, हाच त्या लग्नाचा पर्सनल टच.

आता पाम बीच रोडवर या. पहाटे प्री-वेडिंगच्या गाड्या रांगेने उभ्या. नेरुळच्या तलावावर फ्लेमिंगो उतरलेले, त्यांच्या पुढ्यात गाऊन आणि सूट. वर ड्रोन घोंघावतोय. पक्षी बिचकून उडतात, तोच शॉट घ्यायचा असतो! पक्षी इथे खायला येतात, तुमच्या व्हिडिओसाठी नाही. शिवाय शहराचा विमानतळ 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन होऊन आता आपल्या डोक्यावर आला आहे. ड्रोन नियम 2021 पासून लागू आहेत आणि विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. फोटोग्राफरला परवानगीचा कागद मागा. मागायची लाज कसली?

पण हे शहर कुणाच्या जमिनीवर उभं आहे? शहर वसवणारी सिडको 1970 ची. 95 गावांची जमीन घेऊन ही नवी मुंबई झाली. ती गावं गेली नाहीत. करावे, सारसोळे, दिवाळे, घणसोली, बेलापूर: टॉवरच्या सावलीत आगरी-कोळी घरं आहेत, आणि त्या घरांत हळद लग्नाहून मोठी असते.

या हळदीचे फोटो बघा. डीजे, धूर, लेझर, ड्रोनमधून टिपलेला हजाराचा जमाव. बघायला छान. पण ही हळद कुठल्या गावची, हे त्यातून सांगून दाखवा!

कारण जी सांगू शकली असती, ती कोपऱ्यात बसलेली असते. धवलारीण. आगरी लग्नात विधी चालवणारी, धवले गाणारी बाई. गाण्यातून ती देवांना बोलावते, पूर्वजांना बोलावते, प्रत्येक विधीला त्याचं गाणं लावते. महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले, ते आपण मराठीच्या पहिल्या कवयित्रीचं काम म्हणून कॉलेजात शिकवतो. लग्नात धवळे गाण्याची ती रीत या घरांत आजही चालू आहे, शिकवणारे ऐकायला गेले नाहीत तरी.

ही गाणी बहुतेक तोंडीच आहेत. गाणाऱ्या बाया म्हाताऱ्या होत चालल्यात. सुना-नातींना थोडीफार येतात, पुरी येत नाहीत. एक धवलारीण गेली की तिच्याबरोबर किती गाणी जातात, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. आणि त्याच मांडवात, तिच्यापासून दहा पावलांवर, लाखाचे कॅमेरे असतात, माइक असतात, आवाज टिपायला बसलेली माणसं असतात. ती सगळी डीजेकडे तोंड करून!

राग यावा अशीच ही गोष्ट आहे.

पण फोटोग्राफरला किती बोलायचं? रोलच्या काळात एका रोलमध्ये 36 फोटो. बटण दाबण्याआधी तो विचारायचा, ‘काका, ह्या कोण?’ आता कार्डात हजारो फोटो मावतात, तेव्हा विचारायची गरज संपली. ‘कँडिड’वाला वेगळा, ‘ट्रॅडिशनल’वाला वेगळा, सिनेमॅटिकवाला तिसरा. आत्या कोण, मुलीला शिकवणाऱ्या बाई कोण, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नाही. ठाऊक कसं असणार? सांगितलं कुणी? घरून गेले ते पोझचे स्क्रीनशॉट.

ती पोरंही पहाटेपासून उभी असतात. त्यांना वेळेवर ताट तरी वाढा.

आणि फोटोग्राफरच्या कराराचा कागद वाचा. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याचं कलम 17 सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, करारात उलट लिहिलेलं नसेल तर. करार न वाचता सही ठोकली, तर आपल्याच लग्नाचे फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीत झळकले म्हणून तक्रार कुणाकडे करणार? मूळ फाइल्स कधी मिळणार, किती दिवस सांभाळणार, फोटो कुठे वापरणार, हे आधी लिहून घ्या. अॅडव्हान्स देतानाच.

मग करायचं काय? स्क्रीनशॉट पाठवण्याऐवजी माणसांची यादी पाठवा. वीस नावं पुरे. प्रत्येकापुढे दोन शब्द: कोण, आणि कधी टिपायचं. मावशीचं मंगलाष्टक, रुखवतातली आजीच्या हातची वस्तू, कान पिळणारा भाऊ, सासूने आरशात पाहिलेलं सूनमुख. फोटोग्राफरबरोबर घरातला एक चुलतभाऊ दिवसभर ठेवा, माणसं ओळखून दाखवायला.

आणि हळद आगरी घरातली असेल, तर डीजेच्या आधी अर्धा तास धवलारणीला द्या. तिच्यापुढे चांगला माइक लावा. तिला विचारून गाणी पूर्ण रेकॉर्ड करा, तिचं मानधन द्या आणि रेकॉर्डिंगची एक प्रत तिच्या घरी पोचवा.