चिरंजीव

तुमच्याही गल्लीत एक असेलच. आमच्या सिंदी मेघेतल्याला आम्ही चिरंजीव म्हणतो, कारण तो रोज रात्री किमान दहा वेळा मरतो. साडेअकराला शेजारच्या गच्चीवरून आरोळी येते, "नॉक झालो बे! उचल लवकर!" नवे भाडेकरू पहिल्या रात्री पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढले होते.

खेळ बीजीएमआय. त्यात टोळीतल्या गड्याला गोळी लागली की तो लगेच मरत नाही. गुडघ्यांवर रांगतो आणि सोबत्याने दहा सेकंद जवळ बसून उचललं तर उठतो. पुन्हा पडला तर जीव आधीपेक्षा झपाट्याने जातो. चिरंजीवांचा वाद या दहा सेकंदांशी. स्वतः पडले की, "काका, दहा लय होते नं. पाच पाहिजे." समोरचा उठला की, "याले काहून उठू देते? मेला म्हंजे मेला!"

समोरचे निवृत्त मास्तर जुने कबड्डीपटू. ते म्हणाले, "अबे, हे आमच्यात कवाचंच ठरलं. संजीवनीत त्याईचा एक बाद केला का आपला एक उठते. गामिनीत अख्खा संघ बाद होईस्तोवर मेलेला बाहेरच. अमरमध्ये बाद झाला तरी मैदानातच, फक्त गुण जाते." अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली होती, हेही ऐकवलं. चिरंजीवांनी त्यातून एवढंच घेतलं: आपल्याला अमर, समोरच्याला गामिनी.

तेव्हापासून दुकानदाराची उधारी थकली की अमर, मित्राने पन्नास रुपये थकवले की गामिनी. हेल्मेटविना सापडले तेव्हा हवालदाराकडेही संजीवनीच मागितली. सप्टेंबर 2020मध्ये पबजीवर बंदी आली, 2021मध्ये तो बीजीएमआय नावाने उठला, 2022मध्ये पुन्हा पडला, 2023मध्ये पुन्हा उभा राहिला. चिरंजीव शांत होते. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेल्या पोराला बंदीचं काय भय?

एक मात्र कबूल केलं पाहिजे. सोबती पडला की बाकीचे "सोड त्याले" म्हणतात आणि हा धूर फेकून परत फिरतो. बहुधा दोघेही मरतात. पहाटे पोलीस भरतीच्या 1600 मीटरचा सराव चालतो, तिथेही दम लागलेल्या पोरासाठी मागे येतो आणि स्वतःची वेळ घालवतो.

यंदा त्याला अठ्ठाविसावं सरतंय. खुल्या गटाला भरतीत तीच शेवटची रेघ, पुढे गामिनी.

परवा मास्तरांच्या ओट्यावर निवडणुकीत पडलेला एक पुढारी विधान परिषदेवर गेल्याची बातमी वाचली जात होती. चिरंजीवांनी फोनमधून मान वर केली.

"मास्तर, तिथं वयाची अट नाही राहत का?"

"राहते नं," मास्तर म्हणाले. "तिसाच्या खाली घेत नाही."