तेवीस किलोंत ‘ययाति’

टोरोंटो,
२ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,


बाबा, तुमची यादी पोचली. ‘सईने वाचलीच पाहिजेत अशी पुस्तके’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. समीर म्हणाला, ही यादी नाही, समन्स आहे. ‘मृत्युंजय’ आहे, ‘ययाति’ आहे, आणि ‘ययाति’पुढे कंसात ‘तू सातवीत असताना दोन दिवसांत संपवली होतीस’ अशी आठवणही आहे. सई तिसरीत आहे, बाबा. ‘ज्ञ’ दिसला की ती आधी पाण्याचा घोट घेते.

म्हणून पुस्तकं घ्यायला आप्पा बळवंत चौकात जाल तेव्हा हे पत्र खिशात असू द्या.

इथे पुस्तकांना तोटा नाही. वाचनालयाच्या एका कार्डावर पन्नास पुस्तकं मिळतात, परत करायला उशीर झाला तरी दंड नाही. आमच्या आवडत्या लिलियन स्मिथ शाखेच्या दाराशी ब्राँझचे दोन प्राणी बसलेत, एक पंखवाला सिंह आणि एक गरुडतोंड्या ग्रिफिन. धाकटा छोटू दर वेळी चपला काढून दोघांना नमस्कार करतो. मागच्या आठवड्यात त्याचं बघून आणखी दोन मुलांनी केला. अडतं ते मराठीपाशी.

हिवाळ्यात मी मोठ्या उमेदीने ‘श्यामची आई’ काढलं. श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, तिथे माझा आवाज दाटला. सईने विचारलं, “त्याच्याकडे क्रॉक्स नव्हते का?” छोटूने टिश्यूचा डबा आणून दिला. पुस्तक मिटणारच होते, पण पुढे पोहायला नको म्हणून श्याम लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते, तिथे सई उठून बसली. दर गुरुवारी पोहण्याच्या क्लासच्या वेळी हीच बया पलंगाखाली शिरते. “मग त्याने ९११ला फोन नाही केला?” ते प्रकरण चार रात्री सलग वाचावं लागलं. संस्कार किती झाले माहीत नाही. आता पलंगाखालून आवाज येतो, “श्यामपण लपला होता!”

‘फास्टर फेणे’ने मात्र घर जिंकलं. एकच अडचण आली. इथे अठराच्या आतल्या मुलाने हेल्मेटशिवाय सायकल चालवणं कायद्याने गुन्हा आहे. सईने प्रत्येक चित्रात बनेशच्या डोक्यावर पेन्सिलीने हेल्मेट काढलं. भा. रा. भागवत क्षमा करतील. तुम्हीही करा, कारण प्रत तुमची होती. पुढे गणिताचं उत्तर सापडलं की वर्गात ती जोरात ‘ट्टॉक’ करायला लागली. शाळेतून चिठ्ठी आली, हिला घशाचा काही त्रास आहे का? बाईंना फुरसुंगीपासून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पुस्तक इंग्रजीत मिळेल का विचारलं.

तर फेण्याचे जितके भाग मिळतील तितके आणा.

दुसरं, विंदांची ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’. आमची प्रत ऑक्टोबरातच फाटली. हॅलोविनला सगळ्या मुली राजकन्या झाल्या होत्या आणि आपली नात माझी काळी साडी गुंडाळून, केस मोकळे सोडून पिशीमावशी झाली. दारोदार ‘तू कोण?’ विचारत होते आणि ही ज्ञानपीठवाल्या कवीचं भूत असल्याचं ऐटीत सांगत होती. घोटाळा लक्षात येऊन मी दुरुस्ती करेपर्यंत चार घरं झाली होती.

छोटूसाठी माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ आणा, आई, तू स्वतः बघून घे. घरातल्या एकेका माणसाची ओळख आहे त्यात, चित्रंही त्यांचीच. त्याला आजी-आजोबा म्हणजे टॅबलेटमध्ये राहणारी माणसं वाटतात. तुम्ही यायच्या आत तो गैरसमज निघालेला बरा, म्हणून तुमच्या आधी येणाऱ्या मावशीबरोबर पाठवलंस तर उत्तम. सईसाठी मोठ्या टाइपातली, जोडाक्षरविरहित गोष्टींची दोन-चार चालतील.

गुळगुळीत कागदावरच्या बोधकथा अजिबात नकोत. दुकानदार गळ्यात मारायला बघेल. गेल्या वेळच्या पुस्तकात सई पहिल्यांदा तळाचं ‘तात्पर्य’ वाचायची आणि मिटून ठेवायची. म्हणे, उत्तर दिलंय की!

‘किशोर’चे गठ्ठे बांधू नका, बाबा. १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर ठेवलेत. मी चार पानं छापून फ्रिजला लावते. दूध काढता काढता वाचली जातात, कुणी वाच म्हटलेलं नसतं ना.

वजनाचा हिशेब असा: बॅग तेवीस किलोंची, त्यात आईचं लोणचं आणि भाजणी मिळून सहा. आई, लोणच्यावर तीन पिशव्या चढव. मागच्या वेळच्या ‘गोट्या’ला अजून मेथीचा वास येतो. सई तो वास घेत वाचते म्हणून काही बोलले नाही.

बाकी सगळे मजेत. समीरचा नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, ‘ययाति’ आणाच. सातवीत मी पहिली वीस पानं आणि शेवटची दोन वाचली होती. तुम्ही शेजारच्या काकांना इतक्या कौतुकाने सांगितलंत, की मग खरं सांगायचं राहूनच गेलं.