अवतरणछत्रीचा उन्मेषकाल : सीताफळाधारे एक चिकित्सा

रॉकेट वर जाते, यात पांडित्याला वाव नाही. वात पेटवली, माणसे मागे सरली, की उरलेले काम दारू करते. शास्त्रार्थ आहे तो ते खाली कसे येते याचा, आणि या विषयाकडे बीड जिल्ह्यातील विद्वानांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केले आहे.

पूर्वपीठिका तशी जवळच सापडते. मार्च १७९५मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले, तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने बाणांचा, म्हणजे त्या काळच्या रॉकेटांचाच, मारा केला. (खर्डा जामखेड तालुक्यात, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात आहे. शास्त्राने हद्दीकडे पाहू नये.) त्या बाणांना छत्री नव्हती, ते शाबूत परत यावेत अशी दोन्हीपैकी एकाही पक्षाची इच्छा नव्हती. दोनच वर्षांनी, १७९७मध्ये, पॅरिसला गार्नेरँ नावाचा गृहस्थ फुग्यापासून सुटून छत्रीखाली उतरला. छत्रीच्या माथ्याला भोक नव्हते. कोंडलेली हवा कधी या कडेने, कधी त्या कडेने निसटली आणि गृहस्थ हेलकावे खात जमिनीवर आला. माथ्याला भोक हवे, हा सिद्धान्त पुढे रूढ झाला. घरातल्या चांगल्या रुमालाला भोक पाडण्याविरुद्ध जो पूर्वपक्ष स्वयंपाकघरातून मांडला जातो, त्याचे खंडन मात्र अद्याप कोणाला जमलेले नाही.

परदेशातील हौशी मंडळी पुरुषभर उंचीची रॉकेटे तीन-चार किलोमीटर वर धाडतात. आत हवेचा दाब मोजणारे उंचीमापक असते. दाब उतरायचा थांबून पुन्हा चढू लागला, की यंत्र समजते, शिखर झाले. मग चिमूटभर काळ्या दारूचा बार उडतो, नळकांडे दुभंगते आणि छोटी छत्री बाहेर पडते. मोठी छत्री दीडएकशे मीटरवर. तोवर छोटीवरच भागवायचे, नाहीतर वारा रॉकेटला तिसऱ्याच गावच्या शिवारात नेऊन टाकतो. बार पुरेसा आहे का, हे आधी जमिनीवरच उडवून पाहतात. आपल्याकडे १८८४चा स्फोटके कायदा असल्यामुळे हा भाग आम्ही वाचनापुरता ठेवला आणि यंत्र व कापड यांची परीक्षा वेगवेगळी घेण्याचे ठरवले.

यंत्राची परीक्षा लोणच्याच्या बरणीत होते. एक लिटरची काचेची बरणी, झाकणाला नळी, नळीला सुईविना इंजेक्शनची पिचकारी. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब ९५५ मिलिबारच्या आसपास. पिचकारीने १२ मिलिलिटर हवा ओढली की दाब अकराएक मिलिबारने उतरतो आणि बरणीतले यंत्र आपण १०० मीटर वर गेलो असे प्रामाणिकपणे सांगते. १५० मिलिलिटर ओढली की ते कळसूबाईवर. दट्ट्या सोडला की शिखर ओलांडल्याचे त्याला कळायला हवे. कळले तर दारूऐवजी जोडलेला दिवाळीच्या माळेतला बारका दिवा लागतो. न लागल्यास झाकण तपासावे. झाकणाला जुन्या लोणच्याचे तेल लागलेले असते, ते नीट बसत नाही आणि यंत्र कळसूबाईवरून हळूहळू घरंगळत येते.

कापडाच्या परीक्षेसाठी अंडे वापरण्याची रीत आहे. आम्हाला ती मान्य नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले सीताफळ जिल्ह्यात असताना अंडे कशाला? शिवाय अंडे फुटते किंवा फुटत नाही. सीताफळ किती पिकले आहे त्यावर किती फुटायचे ते ठरवते. २०० ग्रॅमचे फळ ४० सेंटिमीटरच्या रुमालाखाली सेकंदाला साधारण साडेपाच मीटर वेगाने उतरते, म्हणजे दीड मीटरवरून हातातून निसटल्यासारखे. कच्चे तगते, पिकलेल्याचा गर बाहेर येतो. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद उपरणे वापरले तर तोच आघात अर्ध्या वितीवरून पडल्याइतका. मात्र दोरे फळाभोवती गुंडाळून फेकले की उपरणे काय न् रुमाल काय, खाली फक्त फळ येते आणि पोरे ओरडतात, “आरं, उघडलीच नाय की!”

क्षेत्रफळाने पाहता जिल्ह्यातील सर्वश्रेष्ठ वस्त्र म्हणजे अंबाजोगाईची संतकवी दासोपंतांची पासोडी, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. हिशेबाने ती १६ किलो वजन रुमालाहून थोडे हळू उतरवील. परंतु इतके लांबट कापड घुमटासारखे फुलत नाही, नुसते फडफडते. आणि तिच्यावर त्यांचा ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिलेला आहे. दोन्ही कारणे स्वतंत्रपणे पुरेशी आहेत.

मोठ्यांचेही चुकते, हे नोंदवणे अवश्य आहे. २००४मध्ये नासाच्या जेनेसिस यानाची वेगातली घट ओळखणारी कळच उलटी बसवली गेली होती. छत्री उघडलीच नाही आणि यान युटाच्या वाळवंटात आपटले. २०१६मध्ये युरोपच्या स्कियापारेली यानाला मंगळावर पावणेचार किलोमीटर उंचीवर असताना वाटले की आपण जमिनीच्याही खाली पोहोचलो. त्याने छत्री सोडून दिली. इस्रोने गगनयानाच्या कुपीला दहा छत्र्या लावल्या आहेत, चार प्रकारच्या. आमच्या मते हा आकडा योग्य आहे.

एक वाद मात्र उरतो: परीक्षेत फुटलेले फळ कोणाचे? फेकणाऱ्याचे म्हणावे तर तो मुद्दाम दोरे गुंडाळतो. छत्री बांधणाऱ्याचे म्हणावे तर तो भोक मोठे पाडतो. म्हणून ते उपरण्याच्या मालकाला द्यावे, हा आमचा निर्णय. उपरणे धुवायचे त्यालाच असते.