ओळखीतली माणसं

“लक्ष्मण देशपांडे ना? अगं, आमच्या ह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवलेत ते!” मेथीची जुडी भिंतीवरून माझ्याकडे सरकवत काकूंनी जाहीर केलं.

हे वाक्य मी औरंगपुऱ्यातल्या कितीतरी घरांत ऐकलंय. सगळी आमंत्रणं खरी धरली तर त्या माणसाला ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चे प्रयोग करायला सवड मिळाली कधी, हाच प्रश्न पडतो. पण इथली रीतच अशी. माणूस मोठा झाला की बाकीच्या गावात त्याला हार घालतात, आमच्याकडे त्याच्यावर हक्क सांगतात. मकरंद अनासपुरे कुठल्या टपरीवर चहा प्यायचा? चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवींच्या ‘जिगीषा’च्या तालमी कुणाच्या घरात चालायच्या? तीन जणांना विचारा, चार पत्ते मिळतील. १९९१ साली ‘चारचौघी’ मुंबईत गाजलं तेव्हा काकूंनी पेढे वाटले होते म्हणे. “आपलीच पोरं ती,” असं म्हणत. त्या पोरांना हे कळलंही नसेल.

“पण काकू, जेवणाचं सोडा. प्रयोग पाहिला होता का?”

“पाहिला होता का म्हणजे? बावन्न माणसं करायचे ते एकटे. मी मोजायचं ठरवून बसले होते. दहा-बारापर्यंत हिशेब लागला, पुढं हसता हसता सगळं गेलं.” काकूंनी मेथी खाली ठेवली आणि पदर डोक्यावर ओढून मान जराशी तिरकी केली. झाली म्हातारी. पदर खांद्यावर टाकून छाती पुढं काढली, झाला पाटील. “हे बघ, एवढंच करायचे. उपरणं इकडचं तिकडं. आपल्याला आख्खं वऱ्हाड दिसायचं, विमानासकट.”

पंचाहत्तरीच्या बाईला भर अंगणात नक्कल करावीशी वाटते, आणि ती बरी जमतेही, याहून मोठी पावती कुठल्या नटाला मिळणार? गिनीज बुकात देशपांड्यांचं नाव लागलं ते लागलंच. पण मला विचाराल तर त्यांचं खरं काम दुसरंच. गावाकडचा माणूस म्हटला की नाटक-सिनेमात तो कोल्हापूर-साताऱ्याकडचंच बोलायचा. आमची मराठवाड्याची बोली शहाण्यासुरत्या घरात लपवायची गोष्ट होती, पाहुणे आले की पोरांना दटावायची. देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे, नावामागे डॉक्टर लावणारे. त्यांनीच ती बोली रंगमंचावर तीन-तीन तास चालवली आणि लोकांनी तिकीट काढून ऐकली. पुढं अनासपुऱ्यांनी तीच सिनेमात नेली. २००९ साली देशपांडे गेले. आता संदीप पाठक ‘वऱ्हाड’ करतात. ते माजलगावचे, त्यामुळं काकूंना त्यांच्यावर हक्क सांगता येत नाही, एवढीच खंत.

वरच्या गॅलरीतून खाकरण्याचा आवाज आला. गुरुजी.

“नटांची कौतुकं संपली असतील तर एक नाव सांगू? गोविंदभाई श्रॉफ.”

गंमत बघा, या नावाला कुणी मांडीला मांडी लावत नाही. काकूंचाही आवाज खाली आला. गुरुजींनी मात्र वरून धडाच सुरू केला. निजामाच्या राज्यात १९३८ ला कॉलेजातल्या पोरांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला आणि त्यांच्यावर कॉलेज सोडायची पाळी आली, तो काळ. गणित शिकलेला हा माणूस शिक्षकी सोडून स्वामी रामानंद तीर्थांच्या बरोबरीनं हैदराबादच्या लढ्यात उतरला. राज्य गेलं, पण भाई काही स्वस्थ बसले नाहीत. मराठवाड्याचा अनुशेष, ब्रॉडगेज रेल्वे, सगळ्यासाठी भांडत राहिले. समोरच्या सरस्वती भुवन संस्थेचा कारभार वर्षानुवर्षं पाहिला. १९९२ ला पद्मविभूषण. “आणि स्वतःसाठी काय मागितलं? काही नाही,” गुरुजींनी समारोप केला.

भाजीवाल्या मावशी तोवर टोपली उतरवून पायरीवर टेकल्या होत्या. मंडईतून उरलेला माल घेऊन त्या दुपारी गल्लीत येतात. कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाल्या, “गुरुजी, नामांतराला इरोध केल्ता न त्याह्यनी?”

गल्लीत एकदम सामसूम. गुरुजी चष्मा पुसायला लागले.

“केला होता,” ते शेवटी म्हणाले.

“मंग तेबी सांगत जावा की. आठ्ठ्याहत्तरला मह्या मायच्या गावात घरं जाळली. म्या लहान होते, पर धूर ध्यानात हाय.”

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, तेही विस्तार करून. गोविंदभाई या सगळ्यात विरोधाच्या बाजूला उभे होते. त्यांची कारणं असतील, गुरुजींना ती पाठही असतील. पण त्यांनी त्या दिवशी एकही सांगितलं नाही, हे मला आवडलं. भाईंचा फोटो गुरुजींच्या खोलीत अजून आहे. राहावाच. फक्त तो पाहताना मावशींच्या पायरीवरून कसा दिसतो, तेही एकदा पाहून घ्यावं. दर १४ जानेवारीला मावशी विद्यापीठाच्या गेटपाशी जाऊन डोकं टेकवून येतात. त्यांचा धाकटा मिलिंद कॉलेजात शिकला. ते कॉलेज १९५० ला बाबासाहेबांनीच काढलेलं.

“मग मावशी, तुमचं कोण?” काकूंनी वातावरण निवळावं म्हणून विचारलं.

“कडूबाई.”

कडूबाई खरात आपल्याच शहरातल्या, चिकलठाण्याच्या. नवरा गेल्यावर लेकरं सांभाळत, हातात एकतारी घेऊन बाबासाहेबांची गाणी म्हणत दारोदार फिरल्या. लोक देतील त्या पैशावर, धान्यावर घर चाललं. मग कुणीतरी मोबाइलवर गाणं टिपलं आणि ते गावोगाव पोचलं. आज त्यांचं गाणं ऐकायला मंडप भरतात. मावशींच्या मोबाइलात त्यांची सगळी गाणी आहेत. काच तडकलेली आहे, पण आवाज खणखणीत.

“मग भेटलात का कधी? चिकलठाणा काय लांब आहे?” काकूंचा नेहमीचा प्रश्न.

“काहून भेटू? त्याह्यला कामं नसतेत का?” मावशी म्हणाल्या आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं. बोटाच्या पेरावर आडवा काळा वण, नवा. “तारेचा हाय. एकतारी घेतली म्या. बचत गटातल्या बाया रोज रातच्याला बसतो. पैल्यांदा तार लै कापायची, आता कातडं घट झालं.”

काकूंनी ते बोट हातात धरून नीट पाहिलं. गुरुजी गॅलरीतून खाली उतरून आले, चपला न घालता. मग मावशींनी टोपलीच्या काठावर ठेका धरून दोन गाणी म्हटली. सूर दुसऱ्या गाण्यात थोडा चढला, पण शब्द असे की समोरच्या झेरॉक्सवाल्याचं गिऱ्हाईक तसंच थांबलं. गुरुजींनी तिसऱ्याची फर्माइश केली. मावशी म्हणाल्या, भाजी सुकते.

कडूबाईंना मावशी कधी भेटल्या नाहीत, ओळख नाही, एका पंगतीत जेवण नाही. तरी मला वाटतं, आमच्या गल्लीत कौतुक करावं तर असं. काकूंची नक्कल त्याच्या खालोखाल. पेढे वाटणं त्यानंतर, बऱ्याच अंतरानं.

तर कळवायचं ते हे: ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. औरंगपुऱ्यात फुले पुतळ्यापाशी सकाळी गर्दी असतेच, तिथं मावशींचा गट गाणार आहे. सगळ्यांनी यावं. येताना भाजीची मागची उधारीही आणावी, असा मावशींचा निरोप आहे.