पुदिनेकाका

काकांचं खरं आडनाव आता फक्त पोस्टमन वापरतो, तेही पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणून. बाकी आमच्या विश्रामबागेत ते पुदिनेकाका. काका संगणकावर लिनक्स वापरतात, त्यातलंही मिंट नावाचं वाण, आणि मिंट म्हणजे पुदिना. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरांनी एवढ्यावरून बारसं उरकलं. काकांना राग नाही. उलट दारावरच्या पाटीखाली त्यांनी एक हिरवं पान चिकटवून घेतलंय.

जिन्यात नवीन माणूस भेटला की सांगलीचा रिवाज म्हणून आपण त्याचं मूळ गाव विचारतो. काका त्याचा लॅपटॉप किती जुना आहे ते विचारतात. ‘दहा वर्षं झाली, आता भंगारात देणार,’ असं कुणी बोलून गेला की काकांचा चेहरा पांजरपोळाच्या विश्वस्तासारखा होतो. "टाकू नका ओ. माझ्याकडे आणून सोडा." अशी सोडलेली पाच-सहा जनावरं त्यांच्या मागच्या खोलीत कायम असतात. कुणाची बिजागरी तुटलेली, कुणाचं ‘क’चं बटण गेलेलं. चार जीबी रॅमचं एखादं म्हातारं तिथे आठवडाभर राहून टुणटुणीत होऊन घरी परततं. मालकाला ते नको असतं, पण काका स्वतः पोचवायला येतात, त्यामुळे इलाज नसतो.

जगातले बहुतेक लोक घरच्या संगणकावर जी प्रणाली वापरतात, तिचं नाव काका घेत नाहीत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे. "आमचं आधीचं" किंवा फारच झालं तर "ते दुसरं". एकदा मी म्हटलं, "काका, उखाण्यात तरी घ्या." दोन दिवस बोलले नाहीत.

खरा घोळ होतो तो मिंटच्या नावांमुळे. या मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला एका बाईचं नाव असतं, ते ‘आ’ने संपतं आणि इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने पुढे सरकत जातं. २००६ सालच्या पहिल्या आवृत्तीचं नाव एडा. काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, तिथेच थांबायला हवं होतं, नाव अगदी बरोबर पडलं होतं. काका या घरात शिरले २०१२ साली, वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर, तेव्हा माया नावाची तेरावी आवृत्ती चालू होती. पाच वर्षांनी तिची मुदत संपली. त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. शुक्रवारी काकूंकडे दूध-फुटाण्यांना बायका जमलेल्या, आणि बाहेरच्या खोलीत काका कुणाला तरी फोनवर खड्या आवाजात सांगतायत :

"मायाबरोबर पाच वर्षं सुखात गेली हो, उगाच खोटं कशाला बोलू? पण आता तिच्यात राम नाही. आज रात्री हिची निजानीज झाली की मायाला पुसून टाकतो आणि सोन्याला घालतो. पुढच्या वर्षी आणखी एक येणारच आहे."

आतल्या बायकांच्या मुठीतले फुटाणे मुठीतच राहिले. त्यातल्या एका आजींना माया आणि त्या पुढच्या वर्षीच्या आणखी एकीबद्दल काही म्हणायचं नव्हतं, पुरुषाची जात म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये रात्रीचा बैल कुठे बांधणार?

काकांना या मंडळींचा कुलवृत्तान्त तोंडपाठ आहे. मूळ पुरुष लिनस टोरवाल्ड्स, राहणार हेलसिंकी, वय २१, विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जगाला कळवलं, की आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहितोय, काही मोठी वगैरे व्हायची नाही. (हे वाक्य सांगताना काका दर वेळी डोळे पुसतात. मला वाटतं, जगात आणखी कुणाचा अंदाज इतका चुकल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही, आणि ते वीज मंडळात होते.) दोन वर्षांनी इयन मर्डॉकने डेबियन काढलं. डेबियनच्या पोटी २००४ साली उबंटू. उबंटूच्या पोटी मिंट, जे आयर्लंडमध्ये राहणाऱ्या क्लेमां लफेव्र नावाच्या फ्रेंच माणसाने उभं केलं. मिंटवाल्यांनी थेट डेबियनवर बेतलेलीही एक आवृत्ती चालू ठेवलीये. का? तर उद्या उबंटूचं काही बरंवाईट झालं तर. काका समजावतात, "बापाशी वाजलं तर पोराला आजोबांकडे जाता यावं, एवढंच."

डेबियन हे नाव इयनने आपल्या डेब्रा नावाच्या प्रेयसीचं आणि स्वतःचं नाव जोडून केलं, हे एकदा काकांनी भारावून काकूंना सांगितलं. काकू भाकरी थापत होत्या. "तुम्ही काय केलंत माझ्या नावावर?" काका विचारात पडले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गॅसची टाकी आहे की."

मी या भक्तिमार्गाला लागलो तो नाइलाजाने. माझा लॅपटॉप सुरू व्हायला लागायचा तेवढ्या वेळात माझा चहा होऊन कपबशी विसळून व्हायची. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याच्यावरच्या प्रणालीला मोफत दुरुस्त्या मिळणार नाहीत असं ठरलेलं, आणि नवी प्रणाली माझ्या यंत्राला पात्र समजत नव्हती. मी शाळामास्तर. नवं यंत्र घ्यायचं तर घरात आधी ठराव मांडावा लागतो.

काका पेनड्राइव्ह घेऊन आले, तो चष्म्याच्या डबीत ठेवलेला होता. "मास्तर, आधी नुसतं चाखून बघा. हा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करायचं. सगळं यावरूनच चालतं, तुमच्या आतल्या कशाला हात लागत नाही. आवडलं तर ठेवायचं, नाही तर काढून घ्यायचं." मग वाढण्याचा कार्यक्रम झाला. मिंट तीन रूपांत मिळतं. एक सिनॅमन, म्हणजे दालचिनी. दुसरं माटे, जे मला साताऱ्याकडचं आडनाव वाटलं पण दक्षिण अमेरिकेतल्या एका काढ्यावरून आलंय. तिसरं एक्सएफसीई, ज्याचा उच्चार कसाही केला तरी घसा खाकरल्यासारखा होतो. त्याच्या बोधचिन्हात उंदीर आहे आणि ते सगळ्यात हलकं. "तुमच्या यंत्राची तब्येत बघता उंदीर बरा," काकांनी निदान केलं.

मिनिटभरात पडदा उजळला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त वायफाय नव्हतं. आणि तेव्हा मी काकांकडे बघितलं. सगळं सुरळीत चाललं असतं तर ते चहा घेऊन निमूट गेले असते. अडचण दिसताच त्यांच्या गालावर रक्त आलं. "ड्रायव्हर लागणार," ते बाह्या सरसावत म्हणाले. आता ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. तर त्यावर तोडगा असा की मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि त्याचं नेट इकडे घ्यायचं. जोडला. मोबाइल चार्ज व्हायला लागला, नेट काही येईना.

साडेसात वाजलेले. काकांनी त्यांच्या मंडळींना फोन लावायला सुरुवात केली. ही मंडळी म्हणजे काकांचं खरं गणगोत. कराडचा एक औषधविक्रेता, बेळगावचा एक कारकून, नवी मुंबईची एक इंजिनिअरिंगची मुलगी. यातल्या एकाचीही काकांनी प्रत्यक्ष भेट घेतलेली नाही, पण कुणाच्या यंत्रात किती रॅम आहे ते त्यांना ठाऊक. कराडकरांनी चार आज्ञा टंकायला लावल्या. बेळगावकरांनी त्या चारही चूक असल्याचं सांगून वेगळ्या पाच दिल्या. दोघांत तात्त्विक वाद झाला. काळ्या चौकटीतून पांढरी अक्षरं धो धो वाहत होती आणि काका त्यात हरवलेलं मूल शोधावं तसे डोळे बारीक करून बघत होते. साडेआठ झाले. माझ्या बायकोने दोनदा डोकावून ताटांची संख्या विचारली.

मग ती नवी मुंबईची मुलगी क्लासवरून घरी पोचली आणि तिने विचारलं, "काका, वायर बदलून बघितलीत का? काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यातून माहिती जातच नाही."

वायर बदलली. नेट आलं. ड्रायव्हर बसायला दोन मिनिटं लागली. काका काही वेळ ती जुनी वायर हातात धरून बसले. "एकतीस वर्षं वीज मंडळात," ते हळूच म्हणाले, "आणि वायर बघितली नाही." हे फक्त आपल्या दोघांत राहू दे असंही म्हणाले, म्हणून मी ते फक्त इथे लिहितोय.

एवढ्या वेळात काकूंचे चार फोन येऊन गेले होते. आमटी गार झाली होती. ती रोजच गार होते, आणि तिच्या गार होण्याला एक इतिहास आहे. पहिल्याच महिन्यात काकांनी काहीतरी खुडबुड केली आणि पडदा काळा झाला. रात्रीचा एक वाजलेला. भाच्याच्या यंत्रावरून काका कुठल्याशा चॅटवर गेले आणि मोडक्या इंग्रजीत आपलं गाऱ्हाणं मांडलं. ब्राझीलमधला एक माणूस पुढे आला. त्याचंही इंग्रजी मोडकंच. त्याने एकेक आज्ञा लिहायची, काकांनी ती टंकून काय दिसतं ते कळवायचं, असं पहाटे चारपर्यंत चाललं. शेवटी एका फायलीत एक स्वल्पविराम जास्तीचा निघाला. पडदा उजळला. काकांनी विचारलं, तुमचे किती द्यायचे? त्यावर त्याने लिहिलं की आता मला जाऊ द्या, बायको तिसऱ्यांदा जेवायला हाक मारतेय.

"मास्तर, इथे पहाटेचे चार म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसात," काका सांगतात. "त्या माणसाचं माझ्यापायी ताट गार झालं. मी कोण त्याचा? सांगलीचा एक रिटायर माणूस. त्याचं नाव पण विचारायचं राहिलं."

हे देणं काका गेली कित्येक वर्षं फेडतायत आणि ते फिटत नाही, कारण फेडण्याची रीत त्यांनी अशी धरलीये की दर वेळी स्वतःचं ताट गार झालं पाहिजे. माझं म्हणणं असं की ताट काकांचं गार होतं, पण ते गरम करायला काकू उठतात, म्हणजे ब्राझीलचं कर्ज खरं तर त्याच फेडतायत. हे मी काकांना सांगितलेलं नाही. दर दिवाळीला ते मिंटला देणगी पाठवतात, हा प्रकल्प देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालतो, पण ती रक्कम त्यांच्या मते नुसती वर्गणी. ऋण वेगळं.

अलीकडे काकांनी मराठीकरणाचं काम अंगावर घेतलंय. मेन्यूतले शब्द जगभरचे हौशी लोक आपापल्या भाषेत आणतात, त्यात आपलाही खारीचा वाटा. मी मास्तर असल्यामुळे शब्दांसाठी रात्री दहा वाजता माझं दार वाजतं. "मास्तर, ‘डीफॉल्ट’?" मी सांगितलं, पूर्वनिर्धारित. काकांनी ते वहीत उतरवलं. काकू सोबत आल्या होत्या, त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "ते कोण म्हणतंय? नेहमीचं म्हणा की." काकांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. पुढे ‘रीस्टोअर’वर मी प्रतिस्थापना वगैरे चाचपडत होतो तेव्हाही त्याच बोलल्या, "होतं तसं करा." तेव्हापासून काका शब्द मलाच विचारतात, पण बसतात स्वयंपाकघराकडे तोंड करून.

मदत मागणाऱ्याला काकांचे प्रश्न ठरलेले आहेत. आधी चालत होतं का? चालत होतं. मग मधे काय केलंत? यावर आजवर प्रत्येक माणसाने एकच उत्तर दिलेलं आहे, काहीच केलं नाही. मीही दिलं होतं. काका डॉक्टरासारखे थांबतात. मग हळूहळू माणूस कबूल होतो की तसं म्हणजे एक काहीतरी दाबलं होतं.

परवा संध्याकाळी माझा प्रिंटर बंद पडला म्हणून त्यांच्याकडे गेलो. काका बाजारात गेले होते. दार लोटलेलं होतं. काकू स्वयंपाकघरात फोन खांद्यात धरून उभ्या होत्या, एका हातात पक्कड, समोर गॅसवर पातेलं. मला त्यांनी डोळ्यांनीच बसायला सांगितलं.

"हो हो, ते बाहेर गेलेत. तुम्ही मला सांगा... आधी चालत होतं ना? मग मधे काय केलंत?... काहीच नाही, हे सगळेच म्हणतात ओ. नीट आठवा... कुठलं बटण?... हां. घाबरू नका, काही जात नाही. आता ती ढालीची खूण दिसतेय का खाली उजवीकडे? त्याच्यावर जा... नाही नाही, ठेवू नका फोन. इथे दूध उतू जातंय नुसतं, जाऊ दे. हां, आता काय दिसतंय?"