नंबर जुळवणारे बप्पा

धाराशिवात ज्यांच्या घरी खंडेनवमीला परवान्याचं जुनं रिव्हॉल्वर पूजेला निघतं, त्यांना आमच्या बप्पांची धास्ती असते. हळदकुंकू वाहून होत नाही तोच भिंग आणि मऊ फडकं घेऊन हे दारात हजर. "आधी रिकामं करून दावा," हे पहिलं वाक्य. दुसरं तपासणीच्या आधीच ठरलेलं : "वस्तू खरी हाय. पर जशीच्या तशी न्हाई."

बर्मिंगहॅमची वेब्ली असली की गडी खुलतो. मालकाला खटका दाबून ती मधनं मोडायला लावायची. नळी खाली झुकते, रिकामी काडतुसं ढकलणारी चांदणी वर येते. मग चौकटीवरचा नंबर, नळीवरचा, चक्रीवरचा. तिन्ही जुळले पाहिजेत. स्क्रूची खाच चेपलेली दिसली की, "कुणीतरी उघडलीया." लष्करातली मार्क सिक्स १९१५ची, सहा इंची नळीची, काळपट रंगाची. तिला कुणी निकेल चढवलं असेल तर बप्पांच्या पोटात खरोखर कालवतं, कारण चकाकीच्या नादात कारखान्याचे शिक्केही घासले जातात. लाकडी मूठ दिसली की, "कंपनीनं काळं व्हल्कनाइट लावलं हुतं. ह्यो सागवान कुठला?"

ही आजोबांना खुद्द निजामानं दिली, असं दर दुसऱ्या घरी सांगतात. बप्पा मान डोलावून ऐकतात आणि म्हणतात, "निजामानं दिली का पोलिस ॲक्शनच्या गडबडीत घावली, ते नंबर सांगत न्हाई."

बाजारात उस्मानाबादी शेळी घेतानाही हेच. काळी आहे, कान लोंबतात, तरी ते पोटाखालचा पांढरा ठिपका शोधून काढतात आणि विकणारा शिव्या घालतो.

एकदा विजापूरला मलिक-ए-मैदान बघायला गेलो. तोफ १५४९ला अहमदनगरात ओतलेली, मग परंड्याच्या किल्ल्यावर, तिथून १६३२ला विजापूरला. परंडा आमच्या जिल्ह्यातला, त्यामुळं बप्पा तिला 'आपली तोफ' म्हणतात. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानं तिच्यावर आपला लेख कोरवला. गाईड ते कौतुकानं दाखवत होता. बप्पा हळहळले, "चांगली वस्तू खराब केली की हो!" औरंगजेबावर लोकांचे आरोप पुष्कळ, हा मी पहिल्यांदाच ऐकला.

परवा मात्र एका वाड्यात पंचाईत झाली. तिन्ही नंबर जुळले. रंग मूळचा, मूठ मूळची, स्क्रूला कुणाचा हात लागलेला नाही. परवान्यावरचा नंबरही तोच. घरातली पोरंसुद्धा श्वास रोखून बसलेली. बप्पांनी भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं, चहा थंड होऊ दिला. वहिनी म्हणाल्या, "काय बप्पा, पास का?"

बप्पांची नजर खुंटीवरच्या चामडी पट्ट्यावर गेली. उठले, जवळ गेले, अंगठ्यानं बक्कल चाचपलं. चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"ह्ये बदललंय."