सात फुटी प्रपंच

नॅरोबोटीवर राहतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत आधी हेवा येतो आणि मागोमाग आदर. सगळं सोडून निघालेल्या माणसाबद्दल वाटतो, तसा. भाड्याचं घर सोडून दोघं नवरा-बायको इंग्लंडच्या कालव्यांवर तरंगत राहतात, म्हणजे यांना काहीतरी उमगलं असणारच. पुण्याहून मामींचा फोन येतो तेव्हा हल्ली त्या आवाजसुद्धा जरा खाली घेऊन बोलतात. मामींना कसं सांगायचं, की मी सकाळपासून संडासाच्या टाकीचं चिंतन करतेय?

नियम मात्र खरोखर संन्याशाचे आहेत. ज्या बोटीला स्वतःची कायमची जागा नाही, तिने एका ठिकाणी सलग 14 दिवसांहून जास्त थांबायचं नाही, असं 1995 चा कायदा सांगतो. परिव्राजकाने एका गावात रेंगाळू नये, माया जडते, हे आपल्याकडे फार पूर्वी सांगून झालंय. इथे परवाना देणारा ट्रस्ट सांगतो. आपल्याकडच्या संन्याशाला पावसाळ्यात चातुर्मासाची सवलत असते. इथे ती हिवाळ्यात आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेगळे पैसे भरून एका जागी बोट बांधून ठेवता येते. बरोब्बर चार महिने! वेगाची मर्यादा ताशी 4 मैल. वारकरी जरा झपाझप चालला तर आम्हाला मागे टाकेल.

वैराग्य इथे संपतं.

अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मध्य इंग्लंडमधल्या कालव्यांची लॉकं (बोट वर-खाली नेणारी पाण्याची दारं) जेमतेम 7 फूट रुंद बांधली, म्हणून बोटीही तेवढ्याच. त्यातून थंडी अडवायचा थर आणि लाकडी अस्तर वजा केलं की आत सहा फुटांच्या आसपास उरतं. म्हणजे माझ्या ओट्याची लांबी-रुंदी त्या गृहस्थांनी अडीचशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवली. बाजूच्या भिंती वर जाताना आत झुकलेल्या, त्यामुळे एकही फळी काटकोनात बसत नाही. स्पिरिट लेव्हल घेऊन आलेल्या सुताराने ती मुकाट्याने पिशवीत परत ठेवली. जमीनच डुलत असेल तर बुडबुडा तरी काय सांगणार! जमिनीच्या जुन्या फळ्या उचकटल्या तेव्हा खाली विटा निघाल्या. बोट पाण्यात नीट बसावी म्हणून तळात वजन भरलेलं असतं. डाव्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं आणि बोट डावीकडे कलली. मग थोड्या विटा उजवीकडे सरकवल्या. पुस्तकांच्या वजनाची मला लग्नापासून ऐकू येणारी तक्रार अशी सप्रमाण सिद्ध झाली.

पाण्याखालचा पत्रा हा तर स्वतंत्र संसार. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला डांबर फासायचं. पत्र्याला बाहेरून मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. ते आधी झिजतात आणि लोखंड वाचतं. प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एक काका असतोच.

उन्हाळ्यात हे सगळं विसरायला होतं. संध्याकाळी दहापर्यंत उजेड, खिडकीशी बदकं, काठावरून जाणारे लोक हात करतात. डिसेंबरात हात करायला कोणी नसतं. छतावरचे सोलर पॅनेल नुसते शोभेला उरतात आणि बॅटरीसाठी इंजिन चालवत बसावं लागतं. कोळशाची शेगडी रात्रभर धुमसती ठेवायची, पहाटे राख काढायची. त्या शेगडीसमोर घामाघूम आणि बिछान्यात काकडलेले, असं आमचं हवामान एकाच खोलीत बदलतं. कालवा गोठला की बोट जागची हलत नाही, आणि संडासाची टाकी रिकामी करायची जागा नेमकी दोन लॉकं पलीकडे असते. दोन बोटवाले भेटले की पाच मिनिटांत गप्पा या विषयावर येतात; आमच्यात तो जेवतानाही निषिद्ध मानत नाहीत.

घरात नळ सोडला की पाणी येतं, बटण दाबलं की वीज येते आणि साखळी ओढली की प्रकरण मिटतं. बोटीवर यातलं काहीच मिटत नाही. पाणी आणणारे आपण, साठवणारे आपण, मोजणारे आपण. संसारातून मोकळं व्हायला इथे आलेला माणूस संसाराचा कारकून होतो. तरी मला हे आवडतं, हे कबूल करायला हवं. का, ते मामींनी विचारू नये.

वैराग्याच्या या गोड समजुतीला एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘नॅरो बोट’ हे 1944 चं पुस्तक बरंचसं जबाबदार आहे. 1939 मध्ये ते बायकोसह ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर राहायला गेले होते. पुस्तक सुंदर आहे, आणि त्यातून कालवे वाचवण्याची चळवळही उभी राहिली. पण त्यांच्या कितीतरी आधी जी कुटुंबं बोटींवर राहिली, त्यांना काहीही उमगलेलं नव्हतं. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, घरभाडं परवडेना, म्हणून नावाड्यांनी बायकामुलांना बोटीवर आणलं. मागची खोली जेमतेम दहा फूट लांब, बाकी सगळा माल. दाटी इतकी की 1877 मध्ये पार्लमेंटला कायदा करून माणसांच्या संख्येवर बंधन घालावं लागलं. एवढ्याशा जागेत त्या बायका स्वयंपाक करत, बाळंत होत, आणि पितळेच्या मुठी लखलखीत ठेवत. आमच्या मुठी काळवंडलेल्या आहेत.

तेव्हा कोणी बोट घ्यायच्या विचारात असेल, तर जून-जुलैत बघायला जाऊ नका. जानेवारीत जा. गादी उचलून खालची फळी ओली आहे का, हाताने चाचपून बघा. आणि तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.